पाटी खरवडली, बिऱ्हाड तिथंच

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ न पेलणारे, पण एरवी धडधाकट असलेले लॅपटॉप तेव्हापासून लोक विकायला काढत आहेत. मी सोळा वर्षं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत संगणक दुरुस्त करतो. एक मेसेज मला एकाच आठवड्यात चार ठिकाणांहून आला: सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या वर्गमित्रांचा ग्रुप, गावाकडची भावकी आणि एक जुनं गिऱ्हाईक. मेसेज थोडक्यात असा:

"जुना लॅपटॉप विकताय? घाबरवणाऱ्यांचं ऐकू नका. फाइली डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला की त्या कायमच्या जातात. वर एकदा फॉरमॅट मारून विंडोज टाकली की काहीच उरत नाही. एसएसडी असेल तर प्रश्नच नाही, तिच्यातला डेटा आपोआप जातो. फारच भीती वाटत असेल तर पस्तीस वेळा पुसणारं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर डिस्कवर चुंबक फिरवा. बंद पडलेलं मशीन बिनधास्त भंगारात द्या. आणि तुमच्याआमच्यासारख्यांच्या डेटात रस कोणाला आहे?"

या मेसेजातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यावर विसंबून ऑफिसातला संगणक विकायला निघाले होते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिलं वाक्य रिसायकल बिनचं. हार्ड डिस्कवर फाइल कुठं ठेवली आहे याची नोंद वेगळ्या तक्त्यात असते. तुम्ही फाइल डिलीट करता तेव्हा विंडोज त्या नोंदीवर 'ही जागा आता मोकळी' अशी खूण करते आणि थांबते. फाइलला हातही लागत नाही. आपल्या चाळींत जिन्याजवळ भाडेकरूंच्या नावांची पाटी असायची. पाटीवरचं नाव खरवडलं म्हणून तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड हलत नाही. त्या खोलीत दुसरं कोणी सामान घेऊन येईपर्यंत पहिल्याचं सामान तिथंच असतं. फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तर पाटीकडे बघतच नाही. ते एकेक खोली उघडून पाहतं. जेपीजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, पीडीएफची वेगळ्या बाइट्सनी. त्या खुणा ओळखत ते फाइली बाहेर काढतं. हे चालवायला इंजिनिअर लागत नाही, माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात चालवतात.

दुसरं वाक्य सगळ्यात घातक, कारण ते खरं वाटतं आणि त्यावर लोक पैसेही खर्च करतात. "दादा, फॉरमॅट मारून द्या, विकायचाय." रोजचं वाक्य आहे. ते ऐकून बहुतेक ठिकाणी काय केलं जातं ते सांगतो. विंडोजचा पेन ड्राइव्ह लावतात, सी ड्राइव्ह निवडतात, फॉरमॅटचं बटण दाबतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत कोरी विंडोज उघडून दाखवतात. तो फॉरमॅट 'क्विक' असतो. म्हणजे जुनी पाटी उतरवून नवी कोरी पाटी लावली, एवढंच. नव्या विंडोजने जेवढ्या खोल्या व्यापल्या तेवढ्याच खरोखर बदलल्या. ५०० जीबीच्या डिस्कवर विंडोज वीस-तीस जीबी घेते, बाकीचं होतं तसं खाली पडून असतं.

आणि हे फक्त सी ड्राइव्हचं झालं. आपल्याकडे डिस्कचे दोन-तीन भाग करून द्यायची जुनी पद्धत आहे. सीमध्ये विंडोज, डीमध्ये 'महत्त्वाचं सगळं'. फॉरमॅट मारणारा सीला हात लावतो आणि डीला जाणूनबुजून लावत नाही, कारण एरवी गिऱ्हाइकाने "डीमधलं काही जाऊ देऊ नका हां" असं बजावलेलं असतं. हाताला लागलेली ही सवय विकायच्या मशीनवरही तशीच चालते.

दोन वर्षांपूर्वी एक कॉलेजचा मुलगा सेकंड-हँड लॅपटॉप घेऊन आला. मशीन हळू चालतं, एवढीच तक्रार. मी उघडलं तर विंडोज अगदी कोरी, आणि डी ड्राइव्ह गच्च भरलेला. 'आईचे रिपोर्ट', 'लग्न', 'आयटी रिटर्न', 'फ्लॅट ॲग्रीमेंट' असे फोल्डर, आणि 'पासवर्ड' नावाची एक एक्सेल फाइल. त्या मुलाने यातलं काही उघडलं नव्हतं. तोच म्हणाला, "दादा, हे कोणाचं तरी आहे, काय करू?" एका फोल्डरात बायोडेटा होता, त्यावरच्या नंबरला मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ आधी मानायलाच तयार नव्हते. "मी पैसे देऊन फॉरमॅट मारून घेतलाय," असं दोनदा म्हणाले. मी फोल्डरांची नावं वाचून दाखवली तेव्हा गप्प झाले. मग त्यांनी पासवर्डबद्दल नाही, रिटर्नबद्दल नाही, एकच विचारलं: आईच्या फोल्डरात तिच्या आवाजातली एक क्लिप आहे का? होती. विकताना बॅकअप घ्यायचा राहिला होता आणि तो आवाज लॅपटॉपच्या आत शहरभर फिरून आला. दुसऱ्या दिवशी ते पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्यासमोर क्लिप त्यावर घेतली आणि त्या मुलाच्या परवानगीने अख्खी डिस्क पुसली.

म्हणून विकण्याआधी बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि मगच पुसायला बसा.

फॉरमॅटबद्दल एक गोष्ट मात्र त्या मेसेजच्या बाजूने सांगायला हवी. विंडोज व्हिस्टापासून 'क्विक'ची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट त्या भागावर शेवटपर्यंत शून्यं लिहितो. त्याआधीच्या एक्सपीत तसं नव्हतं, तिथं पूर्ण फॉरमॅटही फक्त खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे बिघडलेले छोटे तुकडे, शोधायचा. म्हणजे फॉरमॅटने पुसता येतं, पण क्विकची खूण काढून, प्रत्येक भागावर, आणि तास-दोन तास देऊन. साधी परीक्षा अशी: मोठ्या हार्ड डिस्कचा फॉरमॅट मिनिटभरात उरकला, तर काही पुसलं गेलेलं नाही.

फिरणाऱ्या चकतीची हार्ड डिस्क असेल तर मी स्वतः करतो ते असं. विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी उघडायची. त्यात 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क'. यादीतून आकार बघून आपली डिस्क निवडायची आणि 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' नको, त्याने फक्त पाटी उतरते. 'ऑल' जोडलं की पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्यं लिहिली जातात. डिस्कचा नंबर दोनदा तपासा आणि बाहेरची बॅकअपची डिस्क त्या वेळी काढून ठेवा. चुकीच्या नंबरावर ही आज्ञा दिली तर मीच काय, कोणीही ते परत आणू शकणार नाही.

एसएसडी म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क. तिच्याबद्दलच्या वाक्यात अर्धं सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर माणूस जास्त फसतो. विंडोज ७पासून फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला 'ट्रिम' नावाचा निरोप पाठवते: या जागा आता लागत नाहीत. मग एसएसडी सवडीने त्या साफ करते. त्यामुळे एसएसडीवरून उडालेली फाइल परत आणणं खरोखर अवघड जातं. माझ्याकडे रडत आलेल्या कितीतरी जणांना मी त्यामुळेच परत पाठवलंय. पण सवड कधी मिळेल हे एसएसडीच ठरवते. यूएसबीच्या डबीत बसवलेल्या डिस्कला किंवा पेन ड्राइव्हला तो निरोप पुष्कळदा पोचतच नाही.

आणि एसएसडीवर पुन्हापुन्हा लिहून पुसायची युक्तीही पुरती चालत नाही. चिपमधली प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहिता येते, म्हणून आतला कंट्रोलर, म्हणजे कुठं काय लिहायचं ते ठरवणारा भाग, झीज वाटून देतो. तुम्ही सांगता बारा नंबरच्या खोलीत लिही, तो लिहितो सत्तेचाळीसमध्ये आणि नोंद बारा म्हणूनच ठेवतो. बाराचं जुनं सामान काही काळ तिथंच. शिवाय काही खोल्या तो राखीव ठेवतो, त्या तुम्हाला दिसतच नाहीत. २०११मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी एसएसडी उघडून थेट चिपा वाचल्या. सबंध डिस्कवर दोनदा लिहिलं तर बहुतेक वेळा पुरतं, पण नेहमी नाही. एखादीच फाइल निवडून पुसायची तर त्यांनी तपासलेली एकही पद्धत भरवशाची निघाली नाही. एसएसडीच्या आतली स्वतःची पुसायची आज्ञा नीट बनवलेली असेल तिथं ती प्रभावी ठरली, पण काही उत्पादकांनी तीच चुकीची बसवली होती.

म्हणून एसएसडीला तिच्याच आज्ञेने पुसायचं, सॉफ्टवेअर आजच्या तारखेचं घेऊन. सॅमसंगच्या डिस्कला मॅजिशियन, क्रुशलला स्टोरेज एक्झिक्युटिव्ह अशी कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर आहेत. डेल आणि एचपीच्या ऑफिससाठीच्या बऱ्याच मॉडेलांत ही सोय बायॉसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, असते, 'डेटा वाइप' किंवा 'सिक्युअर इरेज' नावाने.

त्याहून सोपा मार्ग एन्क्रिप्शनचा. डिस्क पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिच्यावरचं सगळं किल्लीशिवाय निरर्थक असतं, आणि रीसेट करताना ती किल्लीच नष्ट होते. विंडोज प्रोमध्ये त्यासाठी बिटलॉकर असतं, होममध्ये मशीन झेपणारं असेल तर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. आज चालू करून लगेच विकण्यापेक्षा नवा लॅपटॉप घेतल्याच्या दिवशी ते चालू आहे का बघा, आणि रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर डिस्क उघडून देणारा लांबलचक नंबर, कागदावर लिहून घरात ठेवा. मॅकमध्ये टी२ नावाची सुरक्षेची चिप किंवा ॲपलचाच प्रोसेसर असेल तर २०२१च्या मॉन्टेरे आवृत्तीपासून 'इरेज ऑल कन्टेन्ट अँड सेटिंग्ज' हेच काम करतं. आधी हरवलेलं मशीन शोधायच्या 'फाइंड माय' या सोयीतून बाहेर पडा, नाहीतर घेणाऱ्याच्या हातात कुलूपबंद डबा पडेल.

विंडोजचा स्वतःचा रीसेटही वाईट नाही, पण घाईत चुकतो. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडल्यावर 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जावं लागतं. तिथं 'क्लीन डेटा' आपसूक बंद असतं, ते चालू करायचं. एकाहून जास्त ड्राइव्ह असतील तर सगळ्या ड्राइव्हचा पर्यायही तिथंच मिळतो. आपला डी इथं निसटतो.

अजून एक मुंबईतला नेहमीचा प्रकार. जुन्या लॅपटॉपला वेग यावा म्हणून एसएसडी बसवायची आणि आधीची हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत, म्हणजे त्या मापाच्या चौकटीत, घालायची. मीच अशी शेकड्याने करून दिली आहेत. पाच वर्षांनी विकताना मालकाला ती दुसरी डिस्क आठवत नाही. एसएसडी पुसली जाते आणि कॅडीतली डिस्क आयुष्यभराचे फोटो घेऊन तशीच निघून जाते. तुमच्या मशीनचं असं काम झालं असेल तर आज डीव्हीडीचा खण उघडून बघा.

पस्तीस वेळा पुसायचा सल्ला आला कुठून? १९९६मध्ये पीटर गटमन या संशोधकाने पस्तीस फेऱ्यांची एक यादी मांडली. त्या काळी डिस्कवर माहिती लिहायच्या अनेक पद्धती होत्या आणि प्रत्येकीसाठी वेगळ्या फेऱ्या होत्या. कोणत्याही एका डिस्कला सगळ्या पस्तीस लागत नव्हत्याच. पुढं गटमन यांनीच लिहिलं की लोकांनी त्याचा मंत्र करून टाकला आहे आणि आधुनिक डिस्कला त्याचा उपयोग नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शिकेनुसार आजच्या चकतीच्या डिस्कवर साधारणपणे एकच फेरी पुरते. हिशेब करा: सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने १ टीबीची डिस्क एकदा लिहायला पावणेतीन तास लागतात, पस्तीस वेळा लिहायला चार दिवस. एवढा त्रास असेल तर माणूस कंटाळून काहीच करत नाही आणि मशीन तसंच देऊन टाकतो. माझा या सल्ल्यावर राग आहे तो त्यासाठी. एका फेरीचं काम सगळ्यांच्या आवाक्यातलं आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यायचीही गरज नाही.

चुंबकाचं फार बोलत नाही. हार्ड डिस्कच्या पोटातच दोन जबरदस्त निओडिमियम चुंबक असतात आणि त्यांच्या शेजारी डेटा वर्षानुवर्षं शाबूत राहतो. फ्रीजवरच्या चुंबकाने त्याला काहीही होणार नाही. एसएसडीत तर चुंबकीय असं काही नसतंच.

बंद पडलेल्या मशीनचं मात्र बोलायला हवं. लॅपटॉप बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा मदरबोर्ड, चार्जिंगचा भाग किंवा पडदा गेलेला असतो. डिस्क ठणठणीत असते. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळं दिसतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला आणि तळमजल्यावरची कितीतरी ऑफिसं पाण्याखाली गेली. 'पाण्यात गेला म्हणजे गेला' असं धरून लोकांनी संगणक किलोवर देऊन टाकले. ही समजूत किती चुकीची आहे याचा दाखला अंतराळातून मिळतो. कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ला परतताना आकाशात फुटलं. त्यातली एक ४०० एमबीची हार्ड डिस्क काही महिन्यांनी कोरड्या तलावाच्या तळाशी जळून काळी झालेली सापडली आणि तिच्यावरचा जवळजवळ ९९ टक्के डेटा परत मिळाला.

म्हणून बंद मशीन भंगारवाल्याला द्यायचं असेल तर डिस्क काढून घ्या. बहुतेक लॅपटॉपांत मागचे काही स्क्रू काढले की ती हातात येते. नवी मॉडेलं सोडली तर जवळचा कोणीही दुरुस्तीवाला काढून देईल, फक्त तुमच्यासमोर काढायला सांगा. डिस्क चालत असेल तर पुसून वापरा. मेली असेल तर चकत्यांना आरपार भोकं पाडा, आणि एसएसडी असेल तर हिरव्या पट्टीवरच्या प्रत्येक काळ्या चिपचा चुरा करा. एक जरी चिप अख्खी राहिली तरी काम अपुरं. डोळ्यांना चष्मा लावा. जे उरेल ते ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

आता शेवटचं वाक्य: आपल्या डेटात रस कोणाला? २००० ते २००२च्या दरम्यान अमेरिकेत एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेतल्या. १२९ चालू निघाल्या आणि त्यातल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर होते, एक डिस्क तर एटीएममधली होती. मोठ्या कंपन्याही सुटलेल्या नाहीत. ग्राहकांच्या माहितीसकट जुनी यंत्रं बाहेर विकली गेली म्हणून २०२२मध्ये मॉर्गन स्टॅनली या बड्या बँकेने अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाला साडेतीन कोटी डॉलर दंड भरला.

पण मला आमचा सोसायटीचा संगणक जवळचा वाटतो. सेक्रेटरीकाका म्हणाले होते, "अरे, त्यात काय आहे? नुसती मेंटेनन्सची बिलं." मी त्यांच्याच शेजारी बसून फोल्डर उघडले. सभासदांची नावं, जन्मतारखा, मोबाइल. शेअर सर्टिफिकेटच्या स्कॅन प्रती. भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीचे अर्ज, फोटोसकट. नॉमिनीचे फॉर्म, त्यांत एका विधवा काकूंच्या मुलांची नावं. आणि कितीतरी ई-आधारच्या पीडीएफ. या पीडीएफला पासवर्ड असतो हे काकांनी आवर्जून सांगितलं. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मवर्ष. दोन्ही त्याच संगणकावरच्या सभासद यादीत होती. कुलूप आणि किल्ली एकाच खिशात.

लॅमिंग्टन रोडवर जुना माल घेणारे माझे बरेच ओळखीचे व्यापारी सरळ आहेत, त्यांना तुमच्या फाइलींशी देणंघेणं नसतं. पण मशीन त्यांच्याकडे थांबत नाही. लॉटमध्ये विकलं जातं, सुटं होतं, डिस्क वेगळी आणि रॅम वेगळी. चौथ्या हाताची खात्री पहिला हात कशी देणार? आणि हा डेटा काकांचा एकट्याचा नव्हता. स्वतःच्या फोटोंबाबत कोणी बेफिकीर राहिलं तर तो त्याचा प्रश्न. सोसायटी, दवाखाना, क्लास, सीएचं ऑफिस यांच्याकडे लोकांनी कागद विश्वासाने दिलेले असतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने घरगुती वापराला सूट दिली आहे, अशा ऑफिसांना ती सूट नाही. डेटा सांभाळायची योग्य काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

ऑफिसातली ती ५०० जीबीची डिस्क रविवारी दुपारी काकांसमोर 'क्लीन ऑल' करायला लावली. पावणेदोन तास लागले. नंतर फोटोरेक चालवून पाहिलं, एकही फाइल निघाली नाही. काकांनी तो पडदा स्वतःच्या मोबाइलवर टिपून ग्रुपवर टाकला.

ज्यांनी न पुसता आधीच विकलाय, त्यांनी आज रात्री एवढं करावं. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यात उपकरणांची यादी असते, त्यातून ते जुनं मशीन साइन आउट करा, काढून टाका. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड बदला, आधी ईमेलचा आणि मग बँकेचा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, लागेल तेव्हा पुन्हा उघडता येतं. आणि खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आलाच, तर बँकेच्या शाखेत जायची वाट न बघता त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.